रोज बसता तशा बसा

दातांच्या डॉक्टरची भीती कुणाला वाटत नाही? बाहेर चार माणसांना दमात घेणारा गडीसुद्धा त्या खुर्चीत पाठ टेकली की गरीब गाय होतो आणि वरच्या दिव्याकडे बघत मनातल्या मनात देवाचा धावा करतो. पण दातांच्या डॉक्टरला कशाची भीती वाटते, हे त्या खुर्चीतून आजवर कुणी विचारलेलं नाही. तोंडात कापसाचे बोळे असतात, हे एक कारण झालंच. दुसरं असं की, डॉक्टरलाही काही होत असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

या गोष्टीतल्या डॉक्टरीणबाई ॲप्रनच्या बटणाला घाबरायच्या. रोज सकाळी दवाखाना उघडला की त्या आतल्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि शेजारच्या बोटाने वरचं बटण चाचपून काजात घालायच्या. बटणाची कड बोटांना लागली, की दिवस बरा जाणार. कधीकधी मात्र बटण बोटांत असायचं आणि बोटांना त्याचा पत्ताच नसायचा. मग डोळे उघडून, आरशात बघून, शाळेतल्या पोरीसारखं एकेक बटण लावायचं, चेहरा नीट करायचा आणि बाहेर यायचं.

बाहेर मावशी असायच्या. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस, दवाखान्याची पहिली पाटी लागली त्या दिवसापासूनच्या. पेशंटच्या गळ्याभोवती रुमाल बांधणं, लाळ ओढणारी नळी धरणं आणि बाईंना हवं ते अवजार त्यांनी मागायच्या आत हातात ठेवणं, ही मावशींची कामं. पेशंटच्या तोंडात बोळे असताना त्याच्याशी अखंड गप्पा मारणं, हा त्यांचा स्वभाव. "तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका," असं त्या बजावायच्या आणि आपल्या जावयाची तक्रार सुरू करायच्या. त्या जावयाला न बघताच अर्धी वस्ती ओळखत होती.

"मॅडम, आज तुमचा चेहरा उतरलाय," मावशी कधीतरी म्हणायच्या.

"झोप झाली नाही," बाई म्हणायच्या. तेवढ्यावर विषय संपायचा, कारण पुढचा पेशंट गाल धरून दारात उभा असायचा.

बाईंची मान ही एकेकाळी कौतुकाची गोष्ट होती. कॉलेजात त्यांना जिराफ म्हणायचे. वर्गात सगळ्यांत उंच, मान लांब, शेवटच्या बाकावरूनसुद्धा फळा दिसायचा. प्रात्यक्षिकाचे सर मात्र खडूस होते. कुणी पाठ सरळ ठेवून, तोंडात धरायच्या छोट्या आरशात बघून काम करायला लागलं, की ते मागून येऊन म्हणायचे, "इथं फोटो काढायला बसलायस का? वाक! दाढ तुझ्याकडे चालत येणार नाही." सगळी मुलं वाकायची. जिराफ सगळ्यांपेक्षा जास्त वाकायची, कारण तिला जास्त अंतर कापायचं असायचं. आणि हुशारी अशी की, वाकल्यावर तिला इतरांपेक्षा दोन गोष्टी जास्त दिसायच्या. सरांनी एकदा सगळ्यांसमोर तिचं काम उचलून दाखवलं. त्यानंतर तिला सरळ बसायला कोण सांगणार?

पुढे स्वतःचा दवाखाना झाला. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, समोर बसथांबा, जिना अरुंद आणि वर दोन खोल्या. खुर्ची एका निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांकडून घेतली होती. ते गृहस्थ बुटके. त्यांच्या खुर्चीला त्यांच्या उंचीचीच सवय. एका ठरावीक उंचीवर आली की ती कण्हायची आणि जागीच बसायची. बाईंनी तिच्याशी भांडण केलं नाही. त्याच खाली वाकल्या. काही वर्षांनी नवी खुर्ची आली, बटण दाबलं की छातीपर्यंत वर येणारी. पण तोवर अंगाला वळण लागून गेलं होतं. खुर्ची वर आली, बाई काही वर आल्या नाहीत.

घरी हा थट्टेचा विषय होता. नवरा रस्त्याने चालताना म्हणायचा, "तुझं काही पडलंय का? मगाचपासून शोधतेयस." मुलगी लहान असताना तिने शाळेत 'माझी आई' असं चित्र काढलं, तर त्यात चेहराच नव्हता, वरून दिसणारे केस आणि मधोमध सरळ भांग. बाई पोट धरून हसल्या आणि चित्र फ्रिजवर लावलं. "मान वर करायला फुरसत नाही बाई," असं त्या कुणी भेटलं की अभिमानाने सांगायच्या. किती खरं बोलतोय याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

मान दुखायची, पण ते काय, सगळ्यांचीच दुखते. संध्याकाळी बाम, रविवारी गरम पाण्याची पिशवी, फारच झालं तर एक गोळी. दवाखान्यात लवंगाच्या तेलाच्या वासात बामाचा वास इतका मिसळून गेला होता की पेशंटना तो औषधाचाच वाटायचा. दुखण्याशी बाईंचं भांडण नव्हतं. दुखतंय म्हणजे निदान कळतंय तरी. भीती शिरली ती जेव्हा कळेनासं झालं तेव्हा.

एक तरुण गवंडी आला होता, दाढेच्या मुळाची साफसफाई चालली होती. या कामाला केसाएवढ्या बारीक सुया लागतात. दोन बोटांत धरून त्या मुळाच्या पोकळीत फिरवायच्या, खाली खाली न्यायच्या. लोकांना वाटतं दातांचं काम डोळ्यांनी होतं. ते बोटांनी होतं. मूळ कुठे वळलं, कुठे अडलं, कुठे संपलं, हे त्या दोन बोटांच्या टोकांना कळतं आणि बाईंच्या बोटांना ते फार सुरेख कळायचं. हीच तर त्यांची आयुष्यभराची कमाई होती. त्या दिवशी त्या सुई फिरवत होत्या, मावशींच्या गोष्टीत जावई घरात नवा पंखा घेऊन आला होता, आणि बाईंच्या लक्षात आलं की बोटं फिरताहेत पण सुई त्यांच्यात नाही. सुई पेशंटच्या जिभेवर पडली होती. ती हळूहळू घशाकडे निघाली होती.

बाईंनी चिमटा उचलला आणि सुई बाहेर काढली. पेशंटला काही कळलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. मावशींचंही लक्ष नळीकडे होतं. "एक मिनिट हं," असं म्हणून बाई आत गेल्या, बेसिनचा नळ सोडला आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. सुई एवढीशी असते. पण ती श्वासनळीत गेली असती तर? त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पाहिलं. दोन्ही त्यांचीच होती आणि दोघांनाही एकमेकांची ओळख नव्हती.

त्या दिवसापासून बाई जीव मुठीत धरून काम करायला लागल्या. सुईला दोरा बांधायच्या. हात पेशंटच्या हनुवटीवर टेकवून ठेवायच्या. काम मध्येच थांबवून "चूळ भरा" म्हणायच्या आणि तेवढ्यात खाली हात झटकून घ्यायच्या. एवढ्या चुळा भरायला लावतात म्हणून पेशंट त्यांना स्वच्छतेची फार आवड आहे असं समजायला लागले. सांगितलं मात्र कुणालाच नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो उद्याच दवाखाना बंद करायला लावेल. मावशींना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत घड्याळवाल्याला कळेल आणि घड्याळवाल्याकडून बसथांब्याला. आणि कळल्यावर कोण येईल? हातातून सुया सुटणाऱ्या बाईकडे तोंड उघडून कोण बसेल? खरं सांगायचं तर याहूनही मोठी भीती दुसरीच होती. दुसऱ्याला सांगितलं की ते खरं होईल, अशी भीती.

सांगण्याऐवजी त्यांनी सामान घेतलं. शिकल्यासवरल्या माणसाची हीच पद्धत असते. दुखणं असलं की आधी त्यावरचं उपकरण शोधायचं. पहिल्यांदा आलं खोगिरासारखं स्टूल. त्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं, म्हणजे कंबर आपोआप सरळ राहते. मावशींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "लगाम कुठं असतो याचा?" मग आला भिंगांचा चष्मा. साध्या चष्म्याच्या काचांवर दोन लहान दुर्बिणी बसवलेल्या, त्यातून दाढ एवढी मोठी दिसते की वाकायला नको. हा चष्मा दुकानात तयार मिळत नाही, ज्याचा त्याच्या मापाने करावा लागतो. डोळ्यांपासून पेशंटच्या तोंडापर्यंत किती अंतर, नजर किती खाली झुकते, सगळं मोजून घेतात.

मोजायला कंपनीचा एक हसरा, नीटनेटका तरुण आला. संध्याकाळची वेळ होती, दिवसभराचे पेशंट नुकतेच संपले होते. मावशी खुर्चीत पेशंट म्हणून आडव्या झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून गप्प राहिल्या.

"मॅडम, अगदी मोकळ्या बसा," तो म्हणाला. "रोज बसता तशा बसा."

बाई रोज बसायच्या तशा बसल्या. त्याने टेप लावली, फोटो काढले, आकडे टिपले आणि म्हणाला, "परफेक्ट."

चष्मा आला तेव्हा बाई हरखून गेल्या. दात डोंगराएवढे दिसत होते. कित्येक वर्षं ज्या फटी अंदाजाने भरल्या, त्या आता लख्ख दिसत होत्या. "मावशी, बघा तरी," म्हणत त्यांनी तो मावशींच्या नाकावर चढवला. मावशींनी आपल्याच तळहाताकडे बघून, "अगंबाई, या रेषा जर खऱ्या असतील तर माझं काही खरं नाही," असा निकाल दिला. बाईंना वाटलं, सुटलो. आता वाकायला नको, मान सुधारेल, बोटं परत येतील. थोडा धीर धरायचा, बस.

धीर धरला. बोटं परत आली नाहीत. उलट मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. आता बटणाच्या परीक्षेत बोटं आठवड्यातून बऱ्याचदा नापास व्हायला लागली. घरी हातातून वाटी सुटली, दुसऱ्या दिवशी किल्ल्या. नवरा म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं?" आणि बाई त्याच्यावर उगाचच खेकसल्या. एवढं सगळं आणून बसवल्यावरही हात जातोच आहे, म्हणजे आता उपाय संपले, या विचाराने त्यांच्या पायाखालची वाळू सरकत होती.

शेवटी त्या हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. तोंडावर मास्क लावून त्या बाकावर बसल्या होत्या, चोरी करायला आल्यासारख्या. डॉक्टर वयाने त्यांच्यापेक्षा लहान होते. त्यांनी मानेचा एमआरआयचा फोटो दिव्यासमोर धरला आणि पेन ठेवून दाखवलं. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधली गादी बाहेर सरकली होती आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर बसली होती.

"काम काय करता?"

"दातांची डॉक्टर आहे."

"अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "मग तुम्हाला काय सांगायचं. काही महिने काम पूर्ण बंद. त्यानंतर बघू. फरक पडला नाही तर ऑपरेशन."

"बोटं परत येतील ना?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "नस किती दिवस दबलीय त्यावर आहे. लवकर सुटली तर येतात. तुम्ही उशीर करू नका. आणि तोवर निदान सरळ बसा."

बाहेर येऊन बाई बसथांब्यावर उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांच्या बोलण्यातलं त्यांनी फक्त शेवटचं वाक्य जवळ ठेवलं. सरळ बसायचं. ते जमेल. बाकीचं नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट खुर्चीत झोपला. बाई खोगिरावर बसल्या, खांदे मागे घेतले, मान उचलली, भिंगांतून खाली पाहिलं. सगळं धुरकट. दात होते, पण धुक्यातल्यासारखे. त्यांनी काचा पुसल्या. धुरकटच. आता डोळेही? हात चालला, तो चाललाच, त्याच्या मागोमाग डोळेही निघाले? घाबरून त्या पुढे झुकल्या आणि दाढ एकदम स्पष्ट झाली. परत सरळ झाल्या, धुकं. परत झुकल्या, स्पष्ट.

"चूळ भरा," बाई म्हणाल्या. पेशंटच्या तोंडात अजून काहीच घातलेलं नव्हतं, तो चक्रावला, पण त्याने चूळ भरली.

बाई हातात चष्मा धरून बसल्या होत्या. रोज बसता तशा बसा. त्या बसल्या होत्या, आणि त्या पोराने टेप लावून मोजलं होतं. मापात चूक नव्हती. चष्मा अगदी तंतोतंत त्यांच्याच मापाचा होता, त्यांच्या पोकाच्या मापाचा. दाढ फक्त तिथूनच दिसत होती, जिथे मान मोडायची. जे वाचवायला आणलं होतं, तेच रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं धरून खाली दाबत होतं आणि त्या खुशीने दाबून घेत होत्या. त्यांना हसू आलं आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. किती महिने? नस किती दिवस दबलीय त्यावर आहे, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले होते.

तो तरुण परत आला. त्याने माफी मागितली नाही आणि बाईंनीही भांडण काढलं नाही. या वेळी त्या सरळ बसल्या. म्हणजे बसायला गेल्या. पण सरळ म्हणजे किती, हेच त्यांच्या अंगाला आठवेना. त्यांना जे सरळ वाटत होतं, ते आरशात वाकडं होतं. शेवटी मावशींनी मागून दोन्ही खांदे धरून खेचले, नवरीला बोहल्यावर उभं करावं तसं, आणि म्हणाल्या, "आता हलाल तर बघा." तशा अवस्थेत माप घेतलं. नवा चष्मा आला. त्यातून सरळ बसून लख्ख दिसायचं. मान कमी दुखायला लागली. बाईंनी स्वतःला सांगितलं, झालं, आता सगळं सुरळीत होईल. काम बंद करायचं, या वाक्याकडे त्यांनी ठरवून कानाडोळा केला.

तेवढ्यात नणंद आली.

नणंद नवऱ्याहून मोठी. घरात सगळे तिला ताई म्हणायचे आणि तिच्यासमोर जरा जपूनच बोलायचे. ताई बालवाडीत गोष्टी सांगायच्या, घरी हुकूम सोडायच्या आणि दोन्हीकडे त्यांचं सगळे ऐकायचे. त्यांची खालची अक्कलदाढ आडवी आली होती आणि दुखून दुखून त्या बेजार झाल्या होत्या.

"ताई, ही दाढ अवघड आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "माझे एक ओळखीचे सर्जन आहेत, ते फार छान काढतात."

"आणि तू काय वाईट काढतेस?"

"तसं नाही."

"मग कसं? घरात डॉक्टर असताना मी परक्या माणसापुढे तोंड वासू? लोक काय म्हणतील, भावजयीशी पटत नाही म्हणतील." ताईंनी गालावर हात ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला. "अगं, मला फार भीती वाटते त्या खुर्चीची. तू असलीस की वाटणार नाही. म्हणून म्हणतेय."

खरं कारण जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि परत गेलं. "बरं, बुधवारी सकाळी या," त्या म्हणाल्या. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशी ओठाची नस असते आणि आतल्या अंगाला जिभेची. ड्रिल तिथे नखभर घसरलं, तर माणसाचा अर्धा ओठ किंवा अर्धी जीभ जन्मभरासाठी झोपते. ताईंची जीभ! त्या जिभेवर बालवाडीतली पोरं वाढत होती.

बुधवारी सकाळी बटण बोटांना स्वच्छ कळलं. बाईंनी दोनदा काढून दोनदा लावलं. दोन्ही वेळा कळलं. त्यांना रडूच येणार होतं.

ताई खुर्चीत झोपल्या. मावशींनी रुमाल बांधला. बाईंनी भुलीचं इंजेक्शन दिलं, हात बरा होता. मग थांबायचं. भूल चढेपर्यंत मावशींनी जावयाचं नवं प्रकरण काढलं आणि ताईंनी बधिर होत चाललेल्या तोंडाने त्यावर सल्लाही दिला. बाई सरळ बसल्या होत्या. नव्या चष्म्यातून दाढ दिसत होती, हिरडीतून अर्धी डोकावणारी, आडवी. ती मधोमध कापायची आणि दोन तुकड्यांत काढायची.

"टोचतंय?" बाईंनी हिरडीला अणकुचीदार सळई लावून विचारलं.

ताईंनी मान हलवली. नाही.

"इथे?"

नाही.

आणि मग बाईंच्या लक्षात आलं की ती सळई आपल्याला फक्त दिसते आहे. ती बोटांत आहे हे बोटांना माहीत नाही. मुंग्यासुद्धा नाहीत. काहीच नाही. आता बोल, त्यांनी स्वतःला सांगितलं. आत्ता नाही बोललीस तर कधी बोलणार? त्यांनी सळई ताटलीत ठेवली, मावशींकडे न बघता हात पुढे केला आणि कसंबसं म्हटलं,

"बधिर झालंय."

आता, दातांच्या दवाखान्यात या दोन शब्दांचा एकच अर्थ होतो. पेशंट तयार आहे, सुरू करूया. मावशींनी हे दोन शब्द इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकले होते की ते कानांत शिरायच्या आत त्यांचा हात निघायचा. तसाच तो निघाला. जावयाची गोष्ट न थांबवता मावशींनी त्या पसरलेल्या हातात ड्रिल ठेवलं आणि बाईंच्या बोटांवर बोटं दाबून ते नीट बसवलं.

बोटं मिटली आणि हात ताईंच्या तोंडात गेला. सवय. पाय खालच्या पेडलवर गेला. तीही सवयच. ड्रिल सुरू झालं आणि खोलीभर त्याची ती बारीक शीळ घुमली. ताईंनी डोळे गच्च मिटले आणि तोंड आणखी मोठं उघडलं, शहाण्या पेशंटसारखं. बाई ओरडणार होत्या, पण आवाज फुटेना. नव्या चष्म्यातून सगळं लख्ख दिसत होतं: ओली हिरडी, जिभेची कड, दाढेची पांढरी पाठ, आणि या सगळ्यावर फिरणारं ड्रिलचं टोक. ते डावीकडे झुकत होतं. जिभेकडे. बाईंना ते झुकताना दिसत होतं आणि हाताला झुकल्याचं कळत नव्हतं. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्या नणंदेच्या तोंडात काम करतोय आणि आपण लांबून बघतोय, असं त्यांना वाटलं.

त्यांनी पाय उचलला. शीळ थांबली.

"मावशी, हे घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या हातातून काढून घ्या. ताईंना नाही, मला. मला बधिर झालंय."

मावशींचा जावई वाक्याच्या मध्येच राहिला. त्यांनी ड्रिल काढून घेतलं, जागेवर अडकवलं आणि बाईंच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

ताईंनी डोळे उघडले. गळ्यातला रुमाल तसाच, एक गाल लोंबलेला. त्या खुर्चीत उठून बसल्या.

"काय बधिल?" त्यांची जीभ नीट वळत नव्हती.

"हात. अंगठा आणि हे बोट. बरेच महिने झाले, ताई. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सामान आणलं की बरं होईल." बाईंनी चष्मा काढला. "आत्ता तुमची जीभ कापली असती मी."

ताई ओरडतील, असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं. पण त्यांनी फक्त हात पुढे केला, बाईंचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, हातमोजा उपसून काढला आणि अंगठ्याचं पेर दोन बोटांत धरलं.

"हे कलतंय?"

ताईंनी आणखी जोर दिला. अंगठ्याच्या मांसात त्यांचं नख रुतत होतं, भोवतालची कातडी आधी पांढरी आणि मग लाल झाली. बाईंना ते सगळं दिसत होतं.

"सांग ना गं. कलतंय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही कळत."